डावऱ्याची म्हस

मला माझ्या मित्राचा हेवा वाटतो. आजकालचा नाही, चौथीपासूनचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं मी जे काही केलं ते इतिहासाच्या प्रेमापोटी केलं असं कुणाला तरी वाटायचं. आमच्या पेठेत काही जणांना तसं वाटतं आणि मी त्यांना दुरुस्त करायला जात नाही.

आम्ही दोघं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर वाढलो. बाहेरच्या माणसाला कट्टा समजावून सांगावा लागतो. गवळी सकाळ-संध्याकाळ आपली म्हैस रस्त्याच्या कडेला आणून उभी करतो, गिऱ्हाईक पेला धरून थांबतं, आणि डोळ्यांदेखत काढलेली धार फेसासकट तिथंच पोटात जाते. दुधात पाणी घातलं का, हे विचारायची वेळच येत नाही. आज मोजक्या म्हशी येतात, तेव्हा रांग असायची. त्या रांगेत माझ्या वडिलांची आणि त्याच्या वडिलांची म्हैस शेजारी शेजारी उभी राहायची. त्याचे वडील तो चौथीत असताना गेले. माझे मी नववीत असताना.

बिनबापाचं पोर म्हणून पेठेचा जीव आधी त्याच्यावर, आणि त्यात पोरगं हुशार. गणितात त्याला पैकीच्या पैकी. तालमीत उतरलो तर माझी पाठ मातीला आणि तो वर. पुढं तो भूमापन खात्यात लागला, मी एका हायस्कुलात इतिहासाचा मास्तर झालो. साठी उलटून पाच-सहा वर्षं झाली तरी त्याच्या डोक्यावर केस आहेत. त्याची आई नव्वदीला टेकलीय आणि अजून सुपारी कातरून खाते. माझी आई जाऊन वीस वर्षं झाली. त्याची सून त्याला ‘चहा टाकू का?’ म्हणून विचारते, माझी ‘चहा झालाय’ म्हणून सांगते. फरक बारीक आहे, पण असूया असल्या बारीकसारीक गोष्टींवरच पोसली जाते.

एकाच बाबतीत मी त्याच्या पुढं होतो. माझ्या घरी वडिलांचा फोटो होता. त्याच्या घरी नव्हता.

फोटो काळापांढरा, वहीच्या पानाएवढा. उजवीकडं तोंड करून उभी असलेली म्हैस, आणि आपल्याकडं पाठ करून, तिच्या अंगाला डोकं टेकवून धार काढणारा माणूस. डोक्याला पटका, अंगात बंडी, बंडीच्या डाव्या खांद्यावर ठिगळ. पलीकडं पेले तोंडाला लावलेली तीन गिऱ्हाइकं, मागं एक कडुलिंब आणि कुणाच्या तरी घराच्या दगडी पायऱ्या. धार काढणाऱ्याचं तोंड दिसत नाही.

तोंड दिसत नाही तर वडील कशावरून, असं कुणीही विचारेल. आमच्या कट्ट्यावर सगळे गवळी म्हशीच्या डाव्या अंगाला बसून धार काढत. माझे वडील डावरे. ते उजव्या अंगाला बसत. म्हैस ज्या अंगाची सवय असेल त्याच अंगाला पान्हा सोडते. भलत्या अंगाला कुणी बसलं तर लाथ बसून दुधाची चरवी एकीकडं आणि माणूस एकीकडं. त्यामुळं आमच्या म्हशीची धार वडिलांखेरीज फक्त आईला काढता यायची, तीही उजव्या अंगाला बसायला शिकली म्हणून. म्हैस विकायला काढली की घेणारा बिचकायचा. ‘डावऱ्याची म्हस हाय, नगं रं बाबा.’ आमच्या आळीत हटवादी माणसाला अजूनही डावऱ्याची म्हस म्हणतात. आणि मला डावऱ्याचा. एवढी वर्षं शिवकाळ आणि पेशवाई घसा फोडून शिकवली, पण वेशीतून जाताना ‘गुरुजी’ म्हणून हाक येत नाही, ‘काय डावऱ्याचं, निघाला कुठं?’ अशीच येते.

तर फोटोतला माणूस उजव्या अंगाला बसला होता, आणि उजव्या अंगाला बसणारा माणूस पेठेत एकच होता. यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

हा फोटो वडिलांनी स्वतः कधी पाहिला नाही. ते गेले तेव्हा घरात त्यांची एकही छबी नव्हती. फोटो काढूया म्हटलं की त्यांची नेमकी धारेची वेळ झालेली असायची. पेठेतल्या स्टुडिओचा मालक रोज कट्ट्यावर दूध प्यायला येई. आईनं त्याच्याकडं शब्द टाकला. त्यानं कट्ट्यावर काढलेल्या जुन्या निगेटिव्ह धुंडाळल्या आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी फोटो घेऊनच आला. ‘वैनी, घावला बघा. उजव्या अंगाला बसलाय. दुसरा कोण असणार?’

आईनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘हे ठिगळ माझ्या हातचं न्हाय.’

आम्ही भावंडं हसलो. ठिगळ कुणाच्या हातचं हे फोटोतसुद्धा ओळखणारी आमची आई! तीही मग ओशाळून हसली आणि पुन्हा काही बोलली नाही. सणावाराला फोटोला हार घालत राहिली.

फ्रेम करायला मीच गेलो होतो. फोटोच्या उजव्या कडेला शेजारच्या म्हशीचा मागचा भाग आला होता. वडिलांच्या फोटोत दुसऱ्या म्हशीचं ढुंगण कशाला, म्हणून मी फ्रेमवाल्याला सांगितलं, कडेचं पुठ्ठ्याखाली जाऊ दे, माणूस मधोमध घे. त्यानं तसं केलं. चांगलं दिसायला लागलं.

मित्र आमच्या घरी आला की त्या फोटोसमोर थांबायचा. कॉलेजात असताना एकदा म्हणाला, ‘माझ्या बाचा एकबी फोटो न्हाय बघ. तोंडसुदीक नीट आठवत न्हाय मला.’ मला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण आतून गुदगुल्या झाल्या. त्या दिवशी मी त्याला आग्रह करकरून जेवायला बसवलं.

आता अलीकडचं.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर रंकाळ्यावर फिरायला. माझा मित्र जुन्या फोटोंच्या नादी लागला. कुणाच्या ट्रंकेतला, कुणाच्या भिंतीवरचा जुना फोटो मिळवायचा, तो फोटो जिथून काढला असेल ती जागा शोधायची, अगदी तिथंच उभं राहायचं आणि आजचा फोटो काढायचा. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पेठेच्या ग्रुपवर टाकायचे. एका बाजूला टांग्यांचा थांबा, दुसऱ्या बाजूला रिक्षांची गर्दी. इकडं थेटराची गच्च भरलेली पायरी, तिकडं त्याच जागी गाड्या लावायचं पटांगण. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस, त्याला कोन आणि अंतर डोळ्यानं कळतं. फोटो चांगले असायचे. ते चांगले असायचे हाच माझा त्रास होता.

लोक अंगठे दाखवायचे, हात जोडायचे, ‘जुन्या आठवणी जाग्या केल्या’ म्हणून लिहायचे. आणि एक दिवस कुणीतरी लिहिलं, ‘आपल्या पेठेचे इतिहासकार.’ मी इतिहासाचा मास्तर! माझ्या हाताखालून गेलेल्या पोरानंच ते लिहिलं होतं, आणि ते पोर दहावीला इतिहासात काठावर पास झालं होतं. मी त्या दिवशी दुपारी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर पित्त झालंय म्हणून सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

मग मित्र माझ्याच घरी आला. ‘कट्ट्याचा फोटो दे की चार दिवस. त्याशिवाय पेठेचा इतिहास पुरा व्हतोय व्हय?’

नाही म्हणायला तोंडात कारण नव्हतं. दिला. आठवड्यानं त्यानं फोटो परत आणला, पण फ्रेमविना, एका जाड पाकिटात. फ्रेमचं लाकूड पोखरलं होतं, उघडताना मोडलं, नवी करून देतो म्हणाला. मी पाकीट कपाटात ठेवलं. मला फ्रेमचं काही नव्हतं. मला ग्रुपवर काय येतंय याची धास्ती होती.

आलं. जुना कट्टा आणि नवा कट्टा. खाली लिहिलेलं, ‘म्हशीपाशी बसलेले माझ्या जिवलग मित्राचे वडील.’ जिवलग! खाली शंभरावर माणसांनी त्याचं कौतुक केलं, आणि माझ्या वडिलांबद्दल एकानं लिहिलं, तेही ‘डावऱ्याची म्हस’ म्हणून हसायच्या खुणा टाकून.

या जोडीसाठी त्यानं पंधरा दिवस घातले होते. फोटोतलं झाड आणि पायऱ्या आज नाहीत. रस्ता रुंद झाला तेव्हा आम्ही बिगरीत-पहिलीत असू. फोटोत झाड डावीकडं, पायऱ्या उजवीकडं. त्या हिशोबानं जुन्या मोजणीशी जागा बसेना. शेवटी त्यानं शोध लावला की पूर्वी रस्ता तिथं वळून जात होता. त्याचा नकाशासुद्धा काढला, आणि झाड आज जिथं बेकरी आहे तिथं होतं असं जाहीर करून टाकलं. बेकरीवाल्यानं लगेच दोन्ही फोटो मोठे करून काउंटरमागं लावले. कोपऱ्यावरचा म्हातारा पानवाला तेवढा कुरकुरत राहिला, ‘झाड ह्या अंगाला हुतं. माझ्या दुकानावर लिंबोळ्या पडायच्या.’ त्याला माझा मित्र म्हणाला, ‘मामा, फोटो खोटं बोलतोय व्हय?’ मीही पानवाल्याच्या बाजूनं बोललो नाही. तो फोटो इतकी वर्षं बघून बघून माझी आठवणही फोटोप्रमाणंच झाली होती.

दिवाळीच्या पाडव्याला तालमीत त्याच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. वर त्याचा सत्कार, शाल, श्रीफळ आणि फेटा. ग्रुपवर आमंत्रण आलं, त्यात त्याच्यापुढं ‘ज्येष्ठ इतिहास अभ्यासक’ असं छापलं होतं.

पाडव्याच्या दिवशी आंघोळ उरकून मी मोबाईल घेऊन बसलो. खोटं कशाला बोलू, चूक शोधायलाच बसलो. त्याची प्रत्येक जोडी दोन बोटांनी मोठी करून बघायची, कुठं काही चुकलंय का. मास्तराची नजर, लाल पेनची सवय. कट्ट्याच्या फोटोवर आलो आणि त्या तीन गिऱ्हाइकांपाशी बोटं थांबली.

तिघांच्याही डाव्या हातात पेले होते.

दूध, तेही धारेचं, आमच्याकडं कोण डाव्या हातानं पितं? एखादा डावरा असेल म्हणावं, तर तिघंच्या तिघं? पेठेत डावरा म्हणून माहीत असलेला माणूस एकच, आणि तो म्हशीखाली बसलेला. आणखी मोठं करून बघितलं. तिघांच्या शर्टांचे खिसे उजव्या छातीवर. असे शर्ट कुठला शिंपी शिवतो? मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, आणि मग हातात मोबाईल धरून मोठ्यानं हसलो. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी धरून फोटो छापला होता. डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. झाड पानवाल्याच्या बाजूला होतं. रस्ता कधीच वळला नव्हता. नकाशा, पंधरा दिवसांचा शोध, बेकरीच्या काउंटरमागचं मोठेपण, सगळं फुकट.

असूया माणसाला बारीक बघायला लावते. इतकी वर्षं तो फोटो घरात होता, हजार माणसांनी बघितला असेल, पण ते तीन पेले मलाच दिसले. फक्त असूयेला एका वेळी एकच गोष्ट दिसते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ठेवणीतला सदरा घालून मी तालमीत गेलो. बाहेर पाडव्याची, म्हशी सजवून पळवायची धमाल चालली होती. शिंगं रंगवलेल्या, गळ्यात घुंगरांचे पट्टे घातलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलीमागं पळत होत्या आणि माणसं शिट्ट्या मारत होती. आत भिंतीवर पांढरा पडदा, त्यावर लॅपटॉपवरून फोटो दाखवायची सोय. पुढच्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर मित्राची आई, जरीकाठाचं लुगडं नेसून. मला बघून म्हणाली, ‘ये बाळा, हितं बस माझ्यापाशी.’ मी बसलो. माझं भाषण तयारच होतं.

सत्काराची वेळ झाली. फेटा बांधायला माणूस पुढं आला, तर माझा मित्र त्याला थांबवून म्हणाला, ‘आधी ह्याला बांधा. कट्ट्याचा फोटो ह्याच्या घरचा हाय. त्यात बसल्यात ते ह्याचे वडील. त्यो फोटो नसता तर ह्यातलं काय बी नसतं.’

टाळ्या पडल्या. माझ्या डोक्यावर फेटा चढला. बघा, मोठेपणासुद्धा त्याच्याच वाट्याला आला होता. मी आणखीनच चिडलो. आणि कुणीतरी माझ्या हातात माईक दिला.

मी म्हणालो, ‘मंडळी, पेठेत कोण डाव्या हातानं दूध पितं का?’

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मी पडद्याकडं गेलो. पेले दाखवले, खिसे दाखवले, निगेटिव्ह उलटी धरली की काय होतं ते वर्गात शिकवल्यागत समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, ‘त्यामुळं अभ्यासकांनी काढलेला वळणाचा रस्ता इतिहासात कुठंच नाही.’ हे वाक्य मी येताना रस्त्यात तीनदा घोकलं होतं.

हशा पिकला. पानवाला उठून उभा राहिला, ‘मी काय सांगत हुतो? लिंबोळ्या माझ्याच दुकानावर पडायच्या!’ बेकरीवाला मागून ओरडला, ‘मग माझ्या काउंटरमागचं काय करू?’ मी मित्राच्या तोंडाकडं बघितलं. याचसाठी आलो होतो.

तो खजील वगैरे झालाच नाही. पडद्याजवळ येऊन त्यानं पेल्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘आयला, खरंच की रं! पंधरा दिस ह्याच्यावर डोकं फोडलं मी, आणि मला दिसलं न्हाय. मास्तर ते मास्तर!’ त्याला खरोखरच आनंद झाला होता. तो लॅपटॉपकडं धावला, चार बटणं दाबली, आणि पडद्यावरचा फोटो फिरला.

म्हशीनं तोंड डावीकडं केलं. पेले उजव्या हातांत गेले, झाड पानवाल्याच्या बाजूला गेलं. सगळं जागच्या जागी बसलं. आणि धार काढणारा माणूस म्हशीच्या डाव्या अंगाला बसलेला दिसायला लागला.

मागून एक आवाज आला, ‘आरं, डावऱ्या डाव्या अंगाला बसला की.’

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. माझ्या कानशिलावर फेट्याचा पीळ एकदम घट्ट वाटायला लागला. मला कळलं होतं, पण मी ते स्वतःला कळू देत नव्हतो.

‘मला म्होरं न्या जरा,’ मित्राची आई म्हणाली.

दोघांनी तिला धरून पडद्याजवळ नेलं. मोतीबिंदू काढल्यापासून तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. तिनं माणसाच्या पाठीवर हात ठेवला, तर हाताची सावलीच पडद्यावर पडली, म्हणून तिनं हात काढून घेतला आणि नुसतीच बघत राहिली. सरळ झालेल्या फोटोत ठिगळ आता उजव्या खांद्यावर आलं होतं.

‘ह्ये ठिगळ माझं हाय,’ ती म्हणाली. ‘माझ्या चोळीच्या खणाचं. वैरणीचा भारा ह्याच खांद्यावर असायचा, सारखी फाटायची बंडी. बायकी कापड लावलंस म्हणून किती बोललं हुतं मला. दोन दिस जेवलं न्हाईत.’ मग ती मुलाकडं वळली. ‘आरं, ह्ये तुझं वडील हाईत.’

पानवाला हळूच खाली बसला. बाहेर घुंगरं वाजत होती. माझा मित्र पडद्यासमोर उभा राहिला. सहासष्ट वर्षांचा माणूस, चौथीतल्या पोरासारखा हात मागं बांधून त्या पाठीकडं बघत होता. त्याच्या वडिलांचं तोंड त्याला आजही दिसलं नाही, पाठ तेवढी मिळाली. त्याला ती पुरत होती असं वाटलं.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहितो, लाज वाटत असली तरी. मला फोटोतले वडील गेल्याचं दुःख पहिल्यांदा झालं नाही. पहिल्यांदा मनात आलं, एवढी एकच गोष्ट माझी होती, तीही ह्यानं नेली. आणि ती मीच माझ्या तोंडानं, माईकवरून, सगळ्या पेठेदेखत त्याच्या हातात दिली होती.

मी फेटा सोडायला लागलो. त्यानं ते बघितलं आणि माझ्याकडं आला. ‘थांब की. तुझा बा जातोय कुठं? आपल्या म्हशी शेजारी शेजारी हुत्या.’

त्यानं पुन्हा लॅपटॉप घेतला. स्कॅन करताना त्यानं अख्खा फोटो घेतला होता, कडेपासून कडेपर्यंत. ग्रुपवर टाकताना तेवढी कड कापली होती, बहुतेक मी कापली होती त्याच कारणानं. आता ती पडद्यावर आली. शेजारच्या म्हशीचा मागचा भाग, शेपूट, कास. आणि पोटाखालून पलीकडं दिसणारे दोन गुडघे, गुडघ्यांत धरलेली चरवी. एवढंच. म्हशीच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे उजव्या अंगाला बसलेला माणूस. बाकीचा सगळा म्हशीआड.

‘पलीकडनं धार काढणारा कोण हुता कट्ट्यावर?’ मित्रानं लोकांना विचारलं.

‘डावऱ्या!’ पाच-सहा म्हातारे एकदम म्हणाले.

मी घरी आलो, कपाटातलं पाकीट काढलं आणि फोटो खिडकीपाशी धरला. पुठ्ठा जिथपर्यंत होता तिथं सरळ रेघ उमटली होती. रेघेच्या अलीकडची म्हैस, तो माणूस, ती गिऱ्हाइकं उजेडानं पिवळी पडली होती. पुठ्ठ्याखालची पट्टी मात्र काल छापल्यागत काळीभोर. वडिलांच्या गुडघ्यावरची धोतराची चुणीसुद्धा मोजता आली असती. पन्नास वर्षं मी दुसऱ्याच्या बापाला हार घातला आणि माझ्या बापाला पुठ्ठ्याखाली दाबून ठेवलं. ढुंगण दिसतंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र हजर. नवा फोटो काढायचा होता, या वेळी बरोबर जागेवरून. पानवाल्याच्या दुकानासमोर कट्ट्यावरच्या एका गवळ्यानं आपली म्हैस उभी केली. मित्र तिच्या डाव्या अंगाला पाठ करून बसला. शेजारी दुसरी म्हैस मिळेना, आणि मिळाली असती तरी तिनं मला उजव्या अंगाला बसू दिलं नसतं. म्हणून तिथं एकाची मोटारसायकल लावली. ‘तू तुझ्या जागंवर बस,’ तो म्हणाला. मी मोटारसायकलीच्या पलीकडं उकिडवा बसलो. त्याच्या मुलानं फोटो काढला. त्यात त्याची अख्खी पाठ आली, केसांसकट, आणि चाकांच्या मधून माझे दोन गुडघे.

जोडी ग्रुपवर गेली तेव्हा आजवरच्या सगळ्या जोड्यांहून जास्त लोकांनी वाखाणली. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘चूक माझ्या मित्रानं शोधली.’ अभ्यासक आता मलाही म्हणायला लागलेत. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. त्याच्या केसांचा हेवाही हल्ली कमी झालाय, सुनेच्या चहाचाही.

पण त्याची आई मला दिसली की तोच जुना हेवा जागा होतो. ती अजून आहे. ठिगळ बघून तिनं आपला माणूस ओळखला, आणि सगळी तालीम तिचं ऐकून गप्प झाली. माझ्या आईनंही ठिगळ बघूनच सांगितलं होतं, हा माझा नव्हे म्हणून. पन्नास वर्षांपूर्वी, आमच्याच घरात, पहिल्याच दिवशी.

आणि आम्ही हसलो होतो.